यादी मिळाली, कामाचं काय? : यीस्टच्या सहा हजार जनुकांची गोष्ट

(रेणापुरात अकरावी-बारावीची मुलं, त्यांचे पालक आणि काही शेतकरी मंडळींसमोर झालेल्या बोलण्याचं हे शब्दांकन. वाचताना अडखळायला होऊ नये म्हणून ‘म्हणजे’ आणि ‘काय आहे की’ थोडे कमी केले आहेत. बाकी बोलणं होतं तसंच ठेवलं आहे.)

मागं आवाज येतोय ना? पंख्यामुळं येत नसेल तर सांगा, पंखा बंद करणार नाही, मीच मोठ्यानं बोलतो.

मी इथलाच. शाळा रेणापुरात, अकरावी-बारावी लातूरला. बारावीनंतर मेडिकलला माझा नंबर लागला नाही. आपल्या भागात एवढं एक वाक्य सांगितलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. घरात दोन दिवस कुणी मोठ्यानं बोललं नाही. एक काका भेटायला आले आणि म्हणाले, “मग आता काय, बीएस्सी का?” घरात कुणी आजारी असल्यावर आवाज खाली करून विचारतात ना, तसं विचारलं त्यांनी. मी मायक्रोबायोलॉजी घेतली. पुढं पुण्यात बरीच वर्षं यीस्टबरोबर काढली. आज त्याच्याबद्दलच बोलणार आहे.

यीस्ट तुम्हाला ठाऊक आहे. पुस्तकात त्याला ‘किण्व’ म्हणतात. बेकरीतला पाव फुगतो तो त्याच्यामुळं. आपल्या भागात साखर कारखाना कुणाला नवा नाही. साखर काढून झाली की मळी उरते, त्या मळीतली उरलीसुरली साखर खाऊन अल्कोहोल तयार करतं ते यीस्टच. पेट्रोलमध्ये मिसळतात ते इथेनॉल त्याच्याच पोटातून आलेलं असतं. एका पेशीचा जीव. मिलिमीटरच्या एका रेघेवर साधारण दोनशे पेशी ओळीनं बसतील एवढा लहान. अंगाला कळी फुटते, ती वाढते, वेगळी होते, की एकाचे दोन झाले. खायला भरपूर असेल तर दीड तासात.

आता एवढ्या बारक्या जीवात शास्त्रज्ञांना एवढा रस का? कारण तो लहान असला तरी आपल्या घराण्यातला आहे. बॅक्टेरियाच्या पेशीत केंद्रक नसतं. यीस्टच्या पेशीत असतं, आपल्याही असतं. पेशी दोन कधी व्हायची, प्रथिनं कुठं पोचवायची, कचरा कसा मोडायचा, या कामांची रीत त्याची आणि आपली बरीचशी एकच आहे. पेशी कधी विभागायची हे ठरवणारी जनुकं लेलंड हार्टवेल यांनी याच बेकरीच्या यीस्टमध्ये शोधली आणि त्यासाठी २००१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. पेशी आपलाच कचरा कसा पचवते हे योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमध्ये पाहिलं, त्यांना २०१६ चं नोबेल मिळालं. कॅन्सर म्हणजे शेवटी काय, तर पेशीनं थांबायचं तिथं न थांबणं. त्याची मुळाक्षरं आपण यीस्टकडून शिकलो.

तर १९८९ साली युरोपातल्या प्रयोगशाळांनी ठरवलं की या जीवाचा सगळा डीएनए अक्षर न् अक्षर वाचून काढायचा. पुढाकार बेल्जियमच्या आंद्रे गोफो यांचा. यीस्टची गुणसूत्रं सोळा. त्यातलं तिसरं आधी घेतलं. ३५ प्रयोगशाळांनी तुकडे वाटून घेतले आणि १९९२ मध्ये ते पूर्ण छापून आलं, सव्वातीन लाखांच्या आसपास अक्षरं. त्या काळी ही मोठीच गोष्ट होती. मग अमेरिका, कॅनडा, जपान सगळे आले आणि १९९६ मध्ये सोळाही गुणसूत्रं वाचून झाली. सुमारे शंभर प्रयोगशाळा, सहाशेच्या वर शास्त्रज्ञ, एक कोटी वीस लाख अक्षरं. आपल्या पुस्तकाच्या एका पानावर दोन हजार अक्षरं बसतात असं धरलं तर सहा हजार पानांचा ग्रंथ. केंद्रक असलेल्या कुठल्याही जिवाचा पूर्ण वाचलेला हा पहिला ग्रंथ. माणसाचा त्यानंतर.

गंमत सांगतो. ज्या यीस्टचा हा ग्रंथ वाचला, त्याचं मूळ शोधत गेलं तर आपण कॅलिफोर्नियातल्या मर्सेड गावाजवळच्या एका कुजक्या अंजिरापर्यंत पोचतो. १९३८ साली एका संशोधकानं त्या अंजिरावरचं यीस्ट जपून ठेवलं होतं. एका नासक्या फळाची वंशावळ एवढी नीट लिहून ठेवलेली आहे. आपल्याला आपल्या पणजोबांच्या आधीचं नाव सांगता येत नाही.

बरं, ग्रंथ वाचला. त्यात सापडली साधारण सहा हजार जनुकं. एक जनुक म्हणजे बहुतेक वेळा एक प्रथिन बनवायची कृती. आता मोठा प्रश्न आला. यातल्या अंदाजे एक तृतीयांश जनुकांचं काम काय, हे कुणालाच सांगता येईना. यीस्टवर आधीच कित्येक वर्षं काम झालं होतं, जाणकारांना वाटत होतं की महत्त्वाचं बरंचसं सापडलंय. यादी हातात आल्यावर कळलं की घरातल्या एवढ्या माणसांना आपण कधी पाहिलंच नव्हतं.

समजा, तुम्ही परगावचे आहात आणि तुमच्या हातात आमच्या गावाची मतदारयादी दिली. सहा हजार नावं. वय लिहिलंय, घर नंबर लिहिलाय. पण पाणी कोण सोडतं? दवाखान्यात कोण असतं? लाईट गेली की खांबावर कोण चढतं? यादी काहीच सांगत नाही. ते कळायचा एक साधा मार्ग आहे. एका माणसाला एक दिवस गावाबाहेर पाठवा आणि काय बंद पडतं ते पाहा. नळाला पाणी आलं नाही, तर कळलं.

यीस्टमध्ये शास्त्रज्ञांनी नेमकं हेच केलं. यीस्टची एक सवय आहे. बाहेरून दिलेल्या डीएनएच्या तुकड्याची दोन्ही टोकं त्याच्या डीएनएतल्या एखाद्या जागेशी जुळली, तर तो ती जागा काढून हा तुकडा बसवतो. साखळीतला एक दुवा काढून दुसरा बसवावा तसं, तितकं नेमकं. त्यामुळं पाहिजे ते एकच जनुक काढता येतं. अनेक प्रयोगशाळांनी मिळून जवळजवळ प्रत्येक जनुकासाठी एकेक वाण तयार केला. एका वाणात हे जनुक नाही, दुसऱ्यात ते नाही. शिवाय प्रत्येक वाणाला वीस अक्षरांची खूणपट्टी जोडली, दुकानातल्या मालावर बारकोड असतो तशी. त्यामुळं हजारो वाण एकाच भांड्यात वाढवायचे आणि शेवटी बारकोड मोजून पाहायचं, कोण वाढलं, कोण मागं पडलं.

२००२ मध्ये हे काम छापून आलं. निकाल काय? भरपूर साखर, भरपूर खाणं, तीस अंश तापमान अशा मजेच्या परिस्थितीत शंभरातली फक्त एकोणीस जनुकं अशी निघाली की ती काढली तर यीस्ट मरतं. उरलेली ऐंशीच्या वर काढली तरी यीस्ट जिवंत! हातपाय ताणून आरामात वाढतंय.

मग ती ऐंशी काय उगाच आहेत? फुकट खाणारी?

इथं जरा थांबू. कारण मला आज जे सांगायचंय ते इथंच आहे.

पहिलं उत्तर सोपं आहे. गावात किराणाची दोन दुकानं असली आणि एक बंद पडलं, तर कुणाला कळतही नाही. दोन्ही एकदम बंद पडली की चूल बंद. यीस्टमध्ये अशा जोडदुकानांची संख्या मोठी आहे. डब्लिनच्या केन वुल्फ आणि डेनिस शील्ड्स यांनी १९९७ मध्ये दाखवलं की साधारण दहा कोटी वर्षांपूर्वी यीस्टच्या पूर्वजाचा सगळा जनुकसंच दुप्पट झाला होता. त्यातल्या बऱ्याच प्रती गळून गेल्या, पण काही जोड्या अजून आहेत. मग कॅनडात टोरांटोच्या चार्ल्स बून, ब्रेंडा अँड्र्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-दोन जनुकं एकदम काढून पाहायला सुरुवात केली. २०१६ पर्यंत अशा दोन कोटी तीस लाखांच्या आसपास जोड्या तपासून झाल्या. कोण कुणाच्या आधारानं उभं आहे, त्याचा नकाशाच तयार झाला.

दुसरं उत्तर मात्र मी पुस्तकात वाचायच्या आधी हातानं केलं. यीस्टमध्ये ‘एचएसपी १०४’ नावाचं एक जनुक आहे. विद्यार्थी असताना आम्हाला दोन नळ्या दिल्या. एकीत साधं यीस्ट, दुसरीत हे जनुक काढलेलं. तीस अंशाला दोन्ही वाढवलं. काही फरक नाही. सूक्ष्मदर्शकाखाली फरक नाही, मोजणीत फरक नाही. मी मनात म्हटलं, हे जनुक रिकामटेकडंच दिसतंय. मग सरांनी सांगितलं, आता दोन्ही नळ्या अर्धा तास ३७ अंशाला ठेवा, आणि मग थोडा वेळ ५० अंशाला. नंतर दोन ताटल्यांवर पसरवा. दोन दिवसांनी ताटल्या काढल्या. एक ताटली ठिपक्यांनी भरलेली. दुसरीवर बोटावर मोजण्याएवढे ठिपके.

काय झालं असेल? उष्णतेनं पेशीतली प्रथिनं एकमेकांत गुंततात, लोकरीचा गुंता व्हावा तशी. एचएसपी १०४ चं प्रथिन हा गुंता सोडवून देतं. सुसान लिंडक्विस्ट यांच्या प्रयोगशाळेनं हे १९९० च्या दशकात दाखवून दिलं होतं. थंडीच्या दिवसांत त्याला काम नाही. ऊन तापलं की तेच घर सावरतं. मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आपल्याकडं २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. मुलांनो, तुम्ही तेव्हा लहान होता, पण रांगा आठवत असतील. रेल्वेचं काम पाणी वाहायचं, असं त्याआधी लातुरात कुणी म्हटलं असतं का? मांजरा धरण भरलेलं असताना तो रूळ पाण्याच्या दृष्टीनं बिनकामाचा. धरण कोरडं पडलं आणि त्याच रुळावर शहर तगलं.

शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं. जनुक काढलेले सगळे वाण घेतले आणि हजाराहून जास्त वेगवेगळ्या परिस्थितींत ठेवले. कुठं औषधं, कुठं विषारी रसायनं, कुठं मीठ जास्त, कुठं एखादं जीवनसत्त्व नाही. आणि निष्कर्ष आला की जवळजवळ ९७ टक्के जनुकं कुठल्या ना कुठल्या परिस्थितीत नीट वाढायला लागतातच. एका ताटलीत पाहिलं तर ऐंशी टक्के फालतू. हजार ताटल्यांत पाहिलं तर फालतू जवळपास कुणीच नाही.

त्या दिवशी ती रिकामी ताटली हातात धरून मला काकांचं वाक्य आठवलं. आमच्या लातूर पॅटर्नला मी नावं ठेवत नाही. त्या शिस्तीनं शेकडो घरांतली पहिली डॉक्टरकी आणली आहे, माझ्या वर्गमित्रांची आणली. पण ती एक ताटली आहे. तीस अंशाची, भरपूर साखर घातलेली. तिच्यात जो वाढला नाही तो निकामी, असा निकाल लावायचा अधिकार त्या ताटलीला नाही. पालकांना हात जोडून एवढंच म्हणतो. आता परत यीस्टकडं.

या सगळ्याचा आपल्याला उपयोग काय? यीस्टची आणि आपली वाट वेगळी होऊन साधारण शंभर कोटी वर्षं झाली. तरी २०१५ मध्ये आशिक कचरू, एडवर्ड मार्कोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमध्ये एक प्रयोग केला. यीस्टला जगण्यासाठी लागणारी ४१४ जनुकं घेतली, एकेक बंद केलं आणि त्या जागी माणसाचं तेच जनुक दिलं. जवळजवळ निम्म्या वेळा यीस्ट जगलं! शंभर कोटी वर्षांनी भाऊ भेटला आणि त्याच्या अंगात आपला सदरा बसला. त्यामुळं माणसाच्या एखाद्या जनुकात बिघाड दिसला तर तो खरंच घातक आहे का, हे यीस्टमध्ये तपासता येतं.

जवळचं उदाहरण घ्या. बायकांना गर्भाशयाच्या मुखाचा जो कॅन्सर होतो, त्यामागं एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. त्याच्यावर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं जी लस काढली, ‘सर्व्हावॅक’, तिला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. त्या लशीतलं प्रथिन यीस्टच बनवतं. बेकरीचं नाही, त्याचं एक चुलत भावंड, हॅन्सेन्युला नावाचं. विषाणूच्या एका प्रथिनाची कृती त्याला दिली की तो विषाणूसारखे दिसणारे पोकळ गोळे तयार करतो, आत काही नसतं. शरीर ते पाहून तयारीत राहतं. इथं बसलेल्या मावश्यांनी आपल्या मुलींसाठी डॉक्टरांना या लशीबद्दल जरूर विचारावं.

आता शेतकरी मंडळींचा विषय. लातूर म्हटलं की तूर आली. तुरीचा जनुकसंच वाचून झालाय, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? २०११ च्या शेवटी दोन गटांनी तो जाहीर केला. एक दिल्लीचा, नागेंद्रकुमार सिंग यांचा. दुसरा हैदराबादजवळच्या इक्रिसॅटच्या राजीव वार्ष्णेय यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. दोघांनी वाण घेतला तो ‘आशा’. वार्ष्णेय यांच्या गटानं ४८,६८० जनुकं मोजली. यीस्टच्या आठपट.

मग तुम्ही विचाराल… बोला काका, विचारा.

(प्रेक्षकांतून) जनुकं वाचून झाली म्हणता, मग तुरीची मर का जाईना? फुलात आलेली तूर उभी वाळती.

बरोबर विचारलंत. हाच माझा आजचा विषय. मर रोगाची बुरशी जमिनीत राहते, मुळातून आत शिरते, पाणी वर नेणाऱ्या नळ्या बंद करते. वरून पाहिलं तर फुलापर्यंत झाड हिरवं. वाचून काय झालं, तर यादी मिळाली. पण यीस्टसारखं एकेक जनुक काढून पाहणं तुरीत जमलेलं नाही. का? यीस्टची पिढी दीड तासाची, तुरीची एका हंगामाची. जे यीस्टमध्ये एका दिवसात दिसतं, त्याला तुरीत पंधरा-सोळा वर्षं लागतील. यीस्टला डीएनएचा तुकडा दिला की तो नेमक्या जागी बसवून घेतो, तुरीचं झाड तसं ऐकत नाही. त्यामुळं तुरीतल्या खूपशा जनुकांपुढं जे काम लिहिलेलं आहे, ते दुसऱ्या जिवातल्या मिळत्याजुळत्या जनुकावरून काढलेला अंदाज आहे. त्यातले काही अंदाज फिरत फिरत या यीस्टपर्यंतच जातात.

पण यादीचा उपयोग नाही असं नाही. मर न लागणारं झाड आणि लागणारं झाड यांचा डीएनए शेजारी ठेवून फरक कुठं आहे ते आता शोधता येतं, आणि रोप लहान असतानाच ते पैदाशीसाठी घ्यायचं की नाही हे ठरवता येतं. त्याआधी हे काम लोकांनी डोळ्यांनी केलं. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या बदनापूर केंद्रानं ‘बीएसएमआर ७३६’ काढला, मर आणि वांझ रोगाला दाद न देणारा. तुमच्यापैकी अनेकांनी तो पेरला असेल. मर असलेल्या मातीत हजारो झाडं लावायची, जे उभं राहील त्याचं बी धरायचं. त्यांनी झाडाला मुद्दाम वाईट परिस्थितीत ठेवून पाहिलं. मघाच्या ५० अंशाच्या नळीसारखंच की हे. यादी हातात नसताना त्यांनी योग्य प्रश्न विचारला होता.

आणखी कोण? तू बोल बाळ.

(एक विद्यार्थिनी) यीस्टची सगळी जनुकं कळली का मग आता?

नाही. आणि हे सांगताना मला आनंद होतो. १९९६ ला ग्रंथ वाचून झाला. जगात सगळ्यात जास्त अभ्यासलेल्या पेशींपैकी ही एक पेशी. तरी आजही काही शे जनुकांपुढं ‘काम अज्ञात’ असंच लिहिलेलं आहे. त्यांना अजून त्यांची परिस्थिती मिळालेली नाही, किंवा आपल्याला ती सुचलेली नाही.

(विद्यार्थिनी) मग ते शोधायला मेडिकलला जावं लागतं का?

(हशा) नाही गं. बीएस्सीला जावं लागतं. काका आज इथं असते तर त्यांना ऐकवलं असतं.

चला, एवढंच. उशीर झाला, काहींना शेवटची एसटी गाठायची आहे. घरी जाऊन एक करा. कोमट पाण्यात थोडी साखर आणि बेकरीतून आणलेलं चिमूटभर यीस्ट टाका, बाटलीच्या तोंडाला फुगा बांधा आणि तासाभरानं पाहा. फुगा का फुगला हे पुस्तकात आहे. पण पाणी गार घेतलं तर काय होतं, कढत घेतलं तर काय, मीठ टाकलं तर काय, हे स्वतः करून पाहा आणि वहीत लिहा. मला दाखवायला आणलीत तर मी पुढच्या वेळी इथंच भेटेन.